पहिल्यांदा आलेला माणूस दुसऱ्यांदा का येत नाही?

तिसरी_घंटा

गेली अकरा वर्षं मी सांस्कृतिक संस्थांबरोबर सल्लागार म्हणून काम करतो आहे. म्युझिक सर्कल, हौशी नाट्यसंस्था, फिल्म सोसायट्या, व्याख्यानमाला चालवणारी वाचनालयं. सगळ्या नोंदणीकृत, नफा न वाटणाऱ्या, आणि जवळजवळ सगळ्या चार-पाच माणसांच्या खांद्यावर उभ्या असलेल्या. मला बोलावतात ते बहुधा पैशाच्या अडचणीपायी. प्रायोजक मिळवून द्या, कुठल्या कंपनीत ओळख असेल तर बघा. दोन बैठका झाल्या की मनातलं बाहेर येतं: "लोक येत नाहीत हो." आणि लगेच पुढे, "तरुण तर अजिबातच नाहीत."

एका जिल्ह्याच्या गावी अशाच बैठकीत मी विचारलं, गेल्या वर्षी तुमच्या सगळ्या मैफलींना मिळून वेगवेगळी माणसं किती आली? सहा मैफलींना तीच साठ माणसं आली, की दर वेळी नवी? कोणालाच सांगता येईना. खजिनदारांकडे मात्र चोख हिशोब होता. मांडव, ध्वनिव्यवस्था, बिदागी, साथीदारांचा प्रवास, हार, श्रीफळ, जेवण, पै न् पै लिहिलेली. माणसांचं म्हणाल तर आजीव सभासदांचं एक जुनं रजिस्टर होतं. त्यातले कितीतरी जण वारलेले, कितीतरी मुलांकडे पुण्याला नाहीतर परदेशी गेलेले.

पुढच्या मैफलीला मी सगळा वेळ दारात उभा राहिलो. साधारण एकोणीस वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली. दारातल्या कार्यकर्त्याने विचारलं, "पास आहे?" आई म्हणाली, "पेपरात विनामूल्य लिहिलं होतं." "विनामूल्यच आहे, पण पास लागतो. बरं, जा, मागे बसा." पुढच्या तीन रांगांत सोफे होते, त्यांवर 'राखीव' लिहिलेले कागद. मध्यंतरापर्यंत त्यांतले निम्मे रिकामेच राहिले. त्या मुलीच्या मांडीवर वही होती. ती गाणं शिकत असणार, कारण बंदिशीचे शब्द लिहून घेत होती. मध्यंतरात चहा आतल्या खोलीत होता, पदाधिकारी आणि प्रायोजक यांच्यासाठी. त्या दोघी व्हरांड्यात उभ्या राहिल्या. भैरवीच्या आधीच निघून गेल्या.

या मुलीने यावं म्हणून संस्थेने फ्लेक्स लावले होते, जाहिरात दिली होती, कार्यवाहांनी शाळा-कॉलेजांत खेटे घातले होते. ती आली, आणि आल्याचं कोणाला कळलंच नाही. पुढच्या बैठकीत पुन्हा ठराव झाला की तरुणांपर्यंत पोहोचण्यासाठी प्रसिद्धी वाढवावी.

माझं म्हणणं एवढंच आहे. प्रसिद्धीने माणूस पहिल्यांदा येतो. तो दुसऱ्यांदा येणार की नाही, हे पहिल्या दिवशी दारात, मध्यंतरात आणि नंतरच्या आठवड्यात त्याच्याशी कसं वागलो यावर ठरतं. आमच्या संस्था सगळी ताकद पहिल्यावर खर्च करतात आणि दुसऱ्यासाठी एकही माणूस नेमत नाहीत.

हे काही नवं नाही. १९७१ साली स्थापन झालेल्या 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले. तिथे ना धड रंगमंच होता ना आरामखुर्च्या. तरीही जवळजवळ दोन दशकं ते प्रायोगिक नाटकाचं घर राहिलं. आपण नाटककार, दिग्दर्शक, नट यांची नावं घेतो. पण अरुण काकडे यांच्यासारखा माणूस वर्षानुवर्षं संस्थेची व्यवस्था बघत उभा होता म्हणून ते चाललं. छबिलदास मिळेनासं झाल्यावर संस्था माहीमच्या महापालिका शाळेत गेली आणि तिथेही काम चालू राहिलं.

पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाचंही तसंच. १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव एके काळी रात्र रात्र चालायचा. ध्वनिक्षेपकाच्या नियमांमुळे तो दुपार-संध्याकाळवर आला, रमणबागेतून मुकुंदनगरला गेला, तरी श्रोता त्याच्या मागोमाग गेला. कितीतरी लोक कलाकारांची यादी न बघता पाच दिवसांची सुट्टी आधीच टाकून ठेवतात. शेजारच्या सतरंजीवर दर वर्षी कोण बसतं हे त्यांना ठाऊक असतं. तो शेजार हा त्या महोत्सवाचा मोठा ठेवा आहे असं मला वाटतं.

तुमच्या गावी काय होतं ते लिहा. कार्यकर्ते म्हणून लिहा, प्रेक्षक म्हणून लिहा. मला दोन्ही हवं आहे.

मागची_रांग

मी प्रेक्षक म्हणून लिहिते. निवृत्त शिक्षिका आहे, सांगलीजवळ राहते, आणि तुम्ही लिहिलेल्या त्या मागच्या रांगेतच माझं आयुष्य गेलं. नाव तेवढ्यासाठीच घेतलंय.

सोफ्यांचं मला इतकं लागत नाही. वेळेचं लागतं. पत्रिकेवर सहा छापलेलं असतं. मी पावणेसहाला जाऊन बसते, कारण परतीची शेवटची बस साडेनऊची आहे. सात वाजता दीपप्रज्वलन. मग स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, सत्कार, सत्कारमूर्तींचं मनोगत, प्रायोजकांचे दोन शब्द. आठला तंबोरे लागतात. शाळेच्या पटांगणातला कार्यक्रम, म्हणजे दहाला स्पीकर बंद. बुवा एक ख्याल गातात, एक नाट्यपद गातात, आणि घड्याळाकडे बघत भैरवी. त्यातलं मला काय मिळतं? पाऊण ख्याल.

पूर्वी रात्री लांबायच्या, तेव्हा सत्काराचा तासभर गेला तरी गाणं पुरून उरायचं. आता वेळ नेमका आहे आणि सत्कार पूर्वीइतकेच आहेत. कोणाच्या वेळातून ते जातात याचा विचार व्हायला हवा. कलाकाराच्याही आणि माझ्याही.

एक चांगली आठवण पण लिहिते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका छोट्या सभेचे कार्यवाह दर मैफलीनंतर दारात हात जोडून उभे राहायचे. मला ओळखायचे. एकदा मी दोन महिने गेले नाही, गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यांचं पोस्टकार्ड आलं, "बाई, दोन बैठकांना दिसला नाहीत, प्रकृती बरी आहे ना?" ते कार्ड अजून माझ्याकडे आहे. ते गेले आणि ती सभा दोन वर्षांत बंद पडली.

जमाखर्च

मी सनदी लेखापाल आहे. काही सार्वजनिक न्यासांचं ऑडिट करतो, त्यांत सांस्कृतिक संस्थाही आहेत. सोफे का असतात ते पैशाच्या बाजूने सांगतो, कारण कार्यकर्त्यांना दोष देणं सोपं आहे.

अशा संस्थेचं उत्पन्न म्हणजे कायम निधीवरचं व्याज, सभासद वर्गणी, थोडी तिकीटविक्री आणि देणग्या. कायम निधी गोळा झाला तेव्हा मुदत ठेवीचं व्याज आजच्या जवळजवळ दुप्पट होतं. त्या व्याजात सहा मैफली व्हायच्या, आता दोन होतात. देणगीचं म्हणाल तर ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत नव्या करप्रणालीत मिळत नाही आणि बहुतेक पगारदार आता नव्या प्रणालीत गेले आहेत. दोन हजारांच्या वर रोख दिलं तर जुन्या प्रणालीतही वजावट नाही. त्यामुळे "पावती द्या, करात सूट मिळेल" हे वाक्य पूर्वीसारखं चालत नाही. उरला स्थानिक प्रायोजक: सराफ, बिल्डर, सहकारी बँक. त्याला पहिल्या रांगेत बसायचं असतं आणि मंचावर नाव घेतलेलं ऐकायचं असतं. कार्यवाह नाही म्हणू शकत नाही.

सीएसआरबद्दल, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चाबद्दल, लोकांची भाबडी समजूत आहे म्हणून लिहितो. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ७ मध्ये कला आणि संस्कृतीचा समावेश आहे हे खरं. पण त्यासाठी संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते, १२ए आणि ८०जीची नोंदणी चालू लागते, आणि कंपनी विचारते की लाभार्थी किती, कोण, काय बदल झाला. वार्षिक संगीत महोत्सवाला याचं उत्तर देता येत नाही, कारण तिसरी_घंटा म्हणतात तसं, आलं कोण तेच माहीत नाही. आलेल्यांची यादी ठेवली तर तिचा उपयोग इथेही आहे.

आणि सगळ्यात मोठी अडचण कोणी बोलत नाही ती म्हणजे चेंज रिपोर्ट. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवायचं असतं. कितीतरी संस्थांचे हे अर्ज वर्षानुवर्षं प्रलंबित, किंवा दाखलच केलेले नसतात. कागदावर अजून दिवंगत अध्यक्ष. मग बँकेत सह्या बदलत नाहीत, नवी माणसं घ्यायला कोणी धजत नाही. तरुण प्रेक्षकात दिसत नाहीत त्याआधी ते कार्यकारिणीत दिसत नाहीत.

तिकिटाची एक सोय लक्षात ठेवा. नाटक, संगीत, नृत्य यांच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही. शंभर-दोनशे रुपयांचं तिकीट लावायला कायद्याची आडकाठी काही नाही.

विंगेतला

मी सव्वीसचा आहे, पुण्यात प्रायोगिक नाटक करतो. "तरुण येत नाहीत" हे वाक्य ऐकून खरंच त्रास होतो, म्हणून जरा मोठं लिहितोय.

दर पावसाळ्यात पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी भरत नाट्य मंदिरात येऊन बघा. १९६३ पासून चालू असलेली स्पर्धा आहे, एकांकिका कॉलेजच्या पोरांच्या, आणि समोर बसलेली पण पोरंच. "आव्वाज कुणाचा"ने छप्पर हलतं. ही सगळी मुलं दोन-तीन महिने तालमी करतात, दुसऱ्या कॉलेजच्या एकांकिका बघतात, रात्री कट्ट्यावर त्यावर भांडतात. म्हणजे तरुण आहेत, आणि ते नुसते बघणारे नाहीत, बारीक बघणारे आहेत. स्पर्धा संपली की काय होतं? काही नाही. एकाही नाट्यसंस्थेने दारात उभं राहून "पुढच्या शनिवारी आमचा प्रयोग आहे, ये" असं मला कॉलेजच्या चार वर्षांत म्हटलं नाही. मी सुदर्शन रंगमंचावर पहिला प्रयोग बघितला तो एका सीनियरने ओढत नेलं म्हणून.

आता आमच्या ग्रुपचं सांगतो. आम्ही प्रयोगानंतर वीस मिनिटं थांबतो. चर्चासत्र असं काही नाही. नट मेकअप न पुसता खाली येतात आणि ज्याला बोलायचंय तो बोलतो. बाहेर एक वही असते, नाव आणि नंबर, लिहायचा असेल तर. पहिल्या वर्षी आम्ही त्या सगळ्या नंबरांचा व्हॉट्सअॅप ग्रुप केला. रोज पोस्टर टाकायचो. लोक भराभर बाहेर पडले. मग ठरवलं, ग्रुप नको, महिन्यातून एकच मेसेज, तोही त्याच्या नावाने. "तुम्ही अमुक प्रयोगाला आला होतात, नवीन बसवलंय, येता का?" वेळ जातो खूप. पण उत्तरं येतात. "येऊ शकत नाही, मुलाची परीक्षा आहे" असं कळवणारी माणसं पण असतात, आणि ते वाचून मला वाटतं की हा माणूस आमचा झाला.

तालमीला जागा नाही, भाडं परवडत नाही, हे सगळं आहेच. त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

षड्ज_पंचम

मी गाणारा आहे. थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा.

श्रोत्यांची संख्या हा संस्थेच्या कामाचा मापदंड झाला की त्याचं ओझं शेवटी कलाकारावर येतं. एका ठिकाणी मला आधी सांगितलं, "तरुण श्रोते आहेत, विलंबित, संथ लयीतलं नको, पंधरा-पंधरा मिनिटांचं काहीतरी करा, मध्ये मध्ये बोला." मागे पडद्यावर रागाची माहिती दिसत होती. मी पूरिया गात होतो आणि समोरचे सगळे माझ्या डोक्यावरून मागे बघत होते. त्या दिवशी माझा षड्ज लागला नाही. समोर चाळीस जाणकार असले तर मला पुरे असतात, आणि चारशे असले पण त्यांना घाई असली तर मी गाऊ शकत नाही. 'ऑडियन्स एंगेजमेंट' वगैरे शब्द ऐकले की माझ्यासारख्याला धास्ती वाटते ती यासाठी.

तिसरी_घंटा

षड्ज_पंचम, राग कसला, हे कोणीतरी लिहायलाच हवं होतं. तुम्ही लिहिलेली चूक मी स्वतः केली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका संस्थेला मी सुचवलं की एक मैफल फ्यूजनची करा, तरुण येतील. तरुण आले, सभागृह भरलं, मला समाधान वाटलं. पुढच्या महिन्यात ख्यालाची बैठक होती, त्यांतला एकही आला नाही. का येईल? आम्ही त्यांना जे दाखवून बोलावलं ते ती संस्था पुन्हा करणारच नव्हती. आणि जे जुने सभासद तीस वर्षं सतरंज्या घालायला येत होते त्यांतले काही दुखावले. एकाने मला शांतपणे विचारलं, "आमचं गाणं तुम्हाला लाजिरवाणं वाटतं का?" त्या प्रश्नानंतर मी कार्यक्रमात हात घालायचं सोडलं. विलंबित विलंबितच राहू दे. बदलायचं आहे ते दार, खुर्ची, चहा, वेळ आणि नंतरचा फोन.

तुमच्या चाळीस जाणकारांबद्दल मात्र एक विचारतो. ते चाळीस जाणकार कसे झाले? कोणीतरी त्यांना पहिल्यांदा आणलं असेल, शेजारी बसवून "ही सम बघ" असं कानात सांगितलं असेल. संस्थेने ते शेजारी बसणं पुन्हा जमवावं, एवढंच मी मागतो.

जमाखर्च, चेंज रिपोर्टचा मुद्दा लाखमोलाचा. मी आता कुठल्याही संस्थेत गेलो की प्रायोजकाच्या आधी तो कागद मागतो.

सोफ्यांवर एक तोडगा एका ठिकाणी चालला तो सांगतो. राखीव जागा पहिल्या दहा मिनिटांपुरत्या. दहा मिनिटांत पाहुणे आले नाहीत तर कार्यकर्ता मागे जाऊन स्वतः चार माणसांना पुढे घेऊन येतो. प्रायोजकांना हे आधी सांगितलं, आणि कोणी रागावलं नाही. उलट ते वेळेवर यायला लागले. जुहूच्या, १९७८ साली सुरू झालेल्या पृथ्वी थिएटरमध्ये, साधारण दोनशे खुर्च्यांच्या सभागृहात, उशिरा आलेल्याला आत सोडत नाहीत, मग तो कोणी का असेना. त्या नियमाचा लोकांना अपमान वाटत नाही, कारण तो सगळ्यांना सारखा आहे.

आणि विनामूल्य पासांबद्दल. 'हाउसफुल्ल' लिहिलेल्या आणि तरी अर्ध्या रिकाम्या सभागृहात मी किती वेळा बसलो आहे. पासांचे गठ्ठे प्रायोजकांच्या कचेरीत टेबलावर पडलेले असतात, आणि ज्याला यायचं होतं तो "पास संपले" ऐकून परत गेलेला असतो. तिकीट थोडं का होईना असावं. ज्याला परवडत नाही त्याला संस्थेने आपणहून, नाव घेऊन बोलवावं. गठ्ठा वाटणं बंद करावं.

वडसा_लाईन

मी गडचिरोली जिल्ह्यातला. इकडे झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्टीतली नाटकं चालतात, पुण्या-मुंबईच्या धाग्यांवर त्यांचा विषय निघत नाही म्हणून लिहितो.

आमच्याकडे लोक येत नाहीत ही तक्रार नाही. दिवाळी झाली, मंडईचा, म्हणजे गावजत्रांचा हंगाम लागला, की होळीपर्यंत रोज कुठल्या ना कुठल्या गावात नाटक असते. कंपन्या बहुतेक वडशाच्या, म्हणजे देसाईगंजच्या. गावातलं मंडळ कंपनी ठरवते, पैसे ठरवते, तिकीट लावते, मंडप टाकते. नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. नफा झाला तर मंडळाचा, तो शाळेला किंवा मंदिराला लागतो. तोटा झाला तर मंडळाच्या पोरांच्या खिशातून. म्हणून पोरं घरोघरी जातात. जो तिकीट विकते तो त्या घरचाच भाचा असते, त्याला नाही कसं म्हणणार.

आणि नाटकाच्या दिवशी घरी पाहुणे येतात. लेक-जावई येतात, कुठे शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत असली तर त्याच्या निमित्ताने सोयरे येतात. सोयरिकीची बोलणीसुद्धा होतात. नाटक हे त्या रात्रीचं अर्धं कारण आहे. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडे जो आनंद झाला तो एका नटाचा नव्हता, रात्र रात्र जागलेल्या सगळ्या गावांचा होता.

धंदा म्हणून चालते, नफ्याशिवायची संस्था नाही, हे मान्य. पण एक गोष्ट तिसरी_घंटा यांनी पाहावी. इथे जोखीम गावाने घेतलेली असते. शहरातल्या संस्थेत जोखीम चार पदाधिकाऱ्यांची, बाकीचे पाहुणे. पाहुणा एकदा येते, दुसऱ्यांदा बोलावलं तर येते. ज्याचा पैसा आणि इज्जत लागली आहे तो स्वतः दहा जणांना घेऊन येते.

मांडवी_काठ

वडसा_लाईन यांचं वाचून आमच्या गोव्याची जत्रा आठवली. काल्याला देवळासमोर नाटक असतं आणि त्यात नट म्हणजे गावचेच. पोस्टमन राजा होतो, सुतार विदूषक. त्यांतले कित्येक मग कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत उतरतात आणि तिथे गावची गाडी भरून माणसं येतात. प्रेक्षक तयार करावा लागत नाही, तो तालमीपासून बरोबर असतो. तालीम देवळाच्या आवारात, येणारा-जाणारा थांबून बघतो, चुकलं तर सांगतोसुद्धा.

त्यावरून सुचलं, शहरातल्या संस्थांनी एखादी तालीम उघडी ठेवली तर? गायकाला विचारून, सभासदांच्या मुलांना तंबोरे जुळवताना बघायला बसवलं तर?

षड्ज_पंचम

मांडवी_काठ, हे मला आवडेल. मनापासून. कार्यक्रमाच्या आधी अर्धा तास तंबोरे जुळवताना दहा मुलं समोर बसली तर मला अडचण नाही. उलट माझाच आवाज लवकर लागेल. एकदा मध्यंतरात एका शाळकरी मुलाने मला विचारलं होतं, "तुम्ही सारखा तंबोऱ्याकडे कान का नेत होता?" संध्याकाळभरात झालेल्या सगळ्या भाषणांपेक्षा तो प्रश्न गाण्याच्या जवळचा होता. मी त्याला तंबोरा हातात दिला. तो आता शिकतो, माझ्याकडे नाही, दुसऱ्या कोणाकडे, पण शिकतो.

जमाखर्च

एक सावधगिरी. नाव-नंबर घेताना त्या माणसाला कशासाठी घेतो ते सांगा आणि तेवढ्यासाठीच वापरा. व्यक्तिगत विदेचा, म्हणजे डेटाचा कायदा २०२३ मध्ये झालेला आहे. पण कायद्याचं सोडा, मी स्वतः पाहिलंय, एका संस्थेने श्रोत्यांची यादी प्रायोजकाला दिली आणि लोकांना फ्लॅटच्या जाहिरातींचे फोन यायला लागले. ज्यांनी विश्वासाने नंबर लिहिले होते ते परत आले नाहीत.

कार्यवाह_तालुका

धागा सुरू झाला तेव्हापासून वाचतेय. आज लिहिते, कारण काहीतरी करून बघितलं आहे.

आमची संस्था लहान आहे, तालुक्याच्या गावी, सांगली जिल्ह्यात. कोजागिरीला दर वर्षी बैठक असते. यंदा तीन गोष्टी केल्या. सत्कार मध्यंतरात घेतला, आणि फक्त एकच. दारात माझ्या जाऊबाईंना बसवलं, कारण त्यांना गावातलं कोण कोणाचं हे तोंडपाठ आहे, आणि नवा चेहरा त्यांना लगेच कळतो. आणि मसाला दूध सगळ्यांना एकाच ठिकाणी, अंगणात दिलं. अध्यक्षांनाही तिथेच. अध्यक्ष आधी जरा घुटमळले, मग एका कॉलेजच्या मुलाशी हार्मोनियमच्या ट्यूनिंगवर अर्धा तास बोलत उभे राहिले.

नऊ नवी माणसं आली होती. जाऊबाईंनी त्यांची नावं लिहून घेतली, विचारून. मी पुढच्या रविवारी एकेकाला फोन केले. मला फार संकोच वाटत होता, विकायला फोन केल्यासारखं. एका बाईंनी विचारलं, "काही राहिलं का माझं तिथे?" त्यांना वाटलं छत्री-बित्री विसरली. मी म्हटलं, नाही, गाणं कसं वाटलं ते विचारायला केला. त्या जरा वेळ गप्प झाल्या आणि मग वीस मिनिटं बोलल्या. त्यांचे वडील पेटी वाजवायचे.

माझा प्रश्न असा आहे. नऊपैकी दोघांनी फोन उचलला नाही. पुन्हा करावा का, की ते पाठी लागल्यासारखं होईल?

तिसरी_घंटा

फोन पुन्हा नको. पुढच्या बैठकीच्या चार दिवस आधी त्या दोघांना एक मेसेज करा, नावाने, आणि खाली तुमचं नाव लिहा, संस्थेचं नंतर. आले तर जाऊबाई ओळखतीलच.

आणि ज्यांचे वडील पेटी वाजवायचे त्यांना विचारा, ती पेटी अजून घरात आहे का. असली आणि त्यांची इच्छा असली, तर साथीला ती वापरता येईल का हे तुमच्या पेटीवाल्यांना दाखवून घ्या. वडसा_लाईन म्हणाले तसं, मग त्या पाहुण्या राहणार नाहीत.

कार्यवाह_तालुका

विचारते. पेटी आहे, हे त्यांनी फोनवरच सांगितलं होतं, भाता फाटलाय म्हणाल्या. मिरजेत दुरुस्त करून मिळेल.

पुढची बैठक दिवाळीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी आहे. सहाला म्हणजे सहाला तंबोरे लागलेले असतील, आणि साडेआठला भैरवी. गायकांशी तसं बोलून घेतलं आहे.

मागची_रांग

कार्यवाहताई, साडेआठला संपत असेल तर मला परतीची बस मिळते. गावाचं नाव आणि पत्ता मला वैयक्तिक निरोपात कळवा. माझ्याबरोबर शेजारची एक मुलगी पण येईल, अकरावीत आहे, गाणं शिकते. तिला पुढे बसायला जागा ठेवता आली तर ठेवा. मी मागे बसेन, मला मागूनच बरं ऐकू येतं.